चॉकलेटची तिकिटं आणि आपल्याकडचा ऊस

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या सातवीतल्या मुलीला चॉकलेट, गोळ्या, मिठाई यांची चित्रं असलेली टपाल तिकिटं जमवायचा नाद लागलाय. त्यांनी ऑनलाइन शंभर तिकिटांचं एक पाकीट मागवलं. तिकिटं चकचकीत आली, पण त्यातल्या बऱ्याच देशांची नावं घरात कुणी ऐकलेली नाहीत. एवढ्याशा विषयावर संग्रह उभा राहतो का, वासाची तिकिटं घ्यावीत का, तो वास टिकतो का, आणि यात भारताचं काही सापडतं का, असं त्यांनी विचारलंय.

सर, विषय लहान आहे ही अडचण नाही, सोयच आहे. पक्षी, फुलं, रेल्वे असे विषय घेणारी मुलं दोन वर्षांत दमतात, कारण जगातल्या यच्चयावत देशांनी त्यावर तिकिटं काढलेली असतात आणि खिशाला ते परवडत नाही. चॉकलेट-गोळ्यांचा विषय हातात मावतो. पण नुसती चॉकलेटची चित्रं गोळा करत बसलात तर तेही लवकर संपतं. तपकिरी वडी, चांदीचा कागद, हृदयाच्या आकाराचा डबा, पुन्हा तपकिरी वडी. मुलीला आत्ताच सांगा की तिकिटावरची वडी कुठून आली ते शोधायचंय. कोको कुणी पिकवला, साखर कुणाच्या उसाची, कारखाना कुणी काढला, दुकानात कशी आली. संग्रह मग वाढतच जातो. त्यातली साखरेची बाजू तर माजलगावच्या पोरीला पुस्तकात वाचायची गरजच नाही.

आधी त्या पाकिटाचं बघू. तिकिटं चिमट्यानं उचला, बोटांनी नको. बोटांचा घाम आणि तेल कागदावर उतरतं. प्रत्येक तिकीट उलटं करा. पुढच्या बाजूला शिक्का आहे आणि मागे गोंद जसाच्या तसा आहे, असं असेल तर ते तिकीट कधी पत्रावर चिकटलेलंच नाही. शिक्काही नीट पाहा: एका कोपऱ्यात नेमका पाव वर्तुळ, चार तिकिटांच्या मधोमध एकदाच मारलेला, अगदी स्वच्छ. अशा तिकिटांना संग्राहक ‘सी.टी.ओ.’ म्हणतात, म्हणजे मागणीनुसार छापखान्यातच शिक्का मारून विकलेली. लहान मुलांनी सुरुवात करायला ती चालतात, त्यात फसवणूक नाही. पण त्यांना किंमत येत नाही आणि प्रदर्शनात मांडली की परीक्षक नाक मुरडतात.

दुसरा प्रकार जास्त वाईट. काही देशांच्या नावानं खासगी कंपन्या ढिगानं तिकिटं छापतात. काही वेळा त्या देशाच्या टपाल खात्याशी करार असतो, काही वेळा नसतोच. चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशी नावं असलेली, एका शीटवर चॉकलेट, मांजर, कार्टून आणि एखादी नटी असं सगळं एकत्र कोंबलेली शीट दिसली की सावध व्हा. अबखाझिया, चेचन्या अशा नावांची तर बहुतेक सगळी बनावट. जागतिक टपाल संघटनेनं अशा बेकायदा तिकिटांबद्दल सदस्य देशांच्या तक्रारी वेळोवेळी परिपत्रकांतून कळवलेल्या आहेत. शिवाय 2002 पासून डब्ल्यू.एन.एस. नावाची क्रमांक पद्धत आहे. तीत सहभागी असलेल्या देशांनी अधिकृतपणे काढलेल्या तिकिटाला क्रमांक मिळतो आणि ते इंटरनेटवर तपासता येतं. मिशेल, स्टॅनली गिबन्स, स्कॉट यांपैकी एखाद्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे जगभरच्या तिकिटांच्या यादीत, तिकीट सापडलं की बऱ्यापैकी निश्चिंत व्हायला हरकत नाही. संशयास्पद तिकिटं मुलीच्या हातून फेकून मात्र घेऊ नका. वेगळ्या पाकिटात ठेवा, वर ‘नकली’ लिहा. खरं-खोटं ओळखायचं शिक्षण त्यातूनच होतं.

आता खऱ्या चॉकलेटकडे. या विषयात तीन तिकिटं अशी आहेत की ती नसतील तर संग्रहाला उंबराच नाही असं मी म्हणेन.

पहिलं स्वित्झर्लंडचं, 2001 चं. तिथल्या चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेला, चोकोस्विसला, शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं, 90 सेंटिमचं. तिकीट म्हणजे चॉकलेटच्या लगडीतली एक वडी, कडांना सावली आणि उतार दाखवलेला, त्यामुळे ते सपाट कागदावर फुगून आल्यासारखं दिसतं. पंधरा तिकिटांची पूर्ण शीट ही अख्खी लगडच, आणि ती चंदेरी वेष्टनात विकली गेली. छपाईत चॉकलेटचा वास घातलेला आहे. एक सुटं तिकीट घेतलंत तर तपकिरी चौकोनापलीकडे फारसं हाती लागत नाही. गंमत सगळी शीटमध्ये आहे, कारण एक एक तिकीट फाडून लावणं म्हणजे लगडीची वडी मोडून देणंच. मुलीसाठी आधी सुटं घ्या, पुढे कधी हात सैल झाला की वेष्टनासकट शीट घ्या. वेष्टन नसलेली शीट अर्धवटच.

दुसरं फ्रान्सचं, 2009 चं. दहा तिकिटांची शीट, तीही वासाची. फ्रान्समध्ये चॉकलेट आलं त्याला चारशे वर्षं झाल्याचं निमित्त. तिथल्या सांगण्याप्रमाणे ते स्पेनच्या सीमेजवळच्या बायोन गावातून आत शिरलं. ही शीट तोडू नका. दहा चित्रं मिळून एक इतिहास सांगतात, त्यामुळे पानावर मांडायला आयतं साहित्य आहे.

तिसरं बेल्जियमचं, 2013 चं, पाच तिकिटांचं. यात वास छपाईच्या शाईत आहे आणि चव मागच्या गोंदात. म्हणजे तिकीट चाटलं की जिभेला चॉकलेट लागतं. 5 लाख 38 हजार तिकिटं छापली होती, त्यामुळे दुर्मीळ म्हणायला नको. सर, मुलगी ते चाटणार हे गृहीत धरा. तिला नाही म्हणण्यापेक्षा दोन संच घ्या, एक जिभेसाठी आणि एक अल्बमसाठी. चाटलेलं तिकीट मग पाकिटावर लावून तिनं स्वतःच्या मित्रमैत्रिणींना दाखवावं. अल्बममधल्याला मात्र ओठ लागता कामा नये.

वास टिकतो का, हा तुमचा प्रश्न सगळेच विचारतात. वास येतो कसा ते कळलं की उत्तर आपोआप मिळतं. सुगंधी द्रव्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कोष छपाईच्या वरच्या थरात किंवा शाईत मिसळलेले असतात. बोटानं किंवा नखानं चोळलं की काही कोष फुटतात आणि वास बाहेर येतो. म्हणजे प्रत्येक चोळण्यात साठा कमी होतो. पाहुणा आला की ‘घ्या, वास घ्या’ म्हणून तिकीट पुढे करणाऱ्याच्या घरात ते तिकीट लवकरच मुकं होतं. आपल्या टपाल खात्याची 2006 ची चंदनाची, 2007 ची गुलाबाची, 2008 ची जुईची तिकिटं आठवत असतील. ज्यांनी ती हाताळली त्यांच्याकडे आज नुसती चित्रं उरलीत. ज्यांनी माउंटमध्ये, म्हणजे तिकिटाच्या मापाच्या पारदर्शक पाकिटात, घालून बंद ठेवली त्यांच्याकडे माउंट उघडल्यावर अजून मंद वास येतो. वास जाणारच, लवकर की उशिरा एवढंच आपल्या हातात आहे. भूताननं 1973 मध्येच गुलाबाच्या वासाची तिकिटं काढली होती. वासाचं तिकीट ही काही स्वित्झर्लंडची नवलाई नव्हती.

मराठवाड्यात एक वेगळी काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो आणि आपल्या घरांत तिकिटांचा अल्बम नेमका लोखंडी कपाटात, तेही पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या. दुपारनंतर ते कपाट हात लावू देत नाही. त्या उष्णतेत वासाचे कोष तर जातातच, गोंदही मऊ होऊन तिकीट पानाला धरतं. कपाट आतल्या, थंड भिंतीला घ्या. पावसाळ्यात उलटा त्रास, ओल. अल्बम उभा ठेवा, आडवे थर रचू नका, आणि औषधांच्या डबीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवा. अल्बमची पानं पी.व्ही.सी.ची नकोत. त्या प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य तिकिटाच्या रंगात उतरतं. पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची मागा.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. आपल्याकडे कपाटात कपडे, पुस्तकं, कागदपत्रं ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकायची सवय आहे. वासाच्या तिकिटाजवळ डांबराची गोळी ठेवली की स्वित्झर्लंडच्या चॉकलेटला आजीच्या शालूचा वास येतो, आणि तो जात नाही. वेगवेगळ्या वासांची तिकिटंही एका पानावर नकोत. 2017 चं आपलं कॉफीचं तिकीट, तेच शंभर रुपयांचं, चॉकलेटच्या शेजारी ठेवलं की दोन्हींचा मिळून एकच काहीतरी तिसरा वास होतो. कसर लागू नये म्हणून काही घालण्यापेक्षा स्वच्छता ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी अल्बम उघडून बघा. कसरीला गोंद आणि खळ फार आवडते. बेल्जियमच्या तिकिटांचा तर गोंदच गोड, तेव्हा मुंग्यांचाही विचार करून ती हवाबंद पाकिटात ठेवा. पाण्यात भिजवून तिकीट सोडवायची पद्धत वासाच्या आणि चवीच्या तिकिटांना कधीच लावायची नाही.

अमेरिकेची तिकिटं या विषयात तुलनेनं स्वस्त आणि सहज मिळणारी. 1995 मध्ये त्यांनी मिल्टन हर्शीचं 32 सेंटचं तिकीट काढलं. पेनसिल्व्हेनियात चॉकलेटचा कारखाना उभारून त्याभोवती गावच वसवणारा तो माणूस. गावाचं नावही हर्शी. या तिकिटाचं प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट घ्या, नुसतं तिकीट नको, कारण त्यावर हर्शी गावाचा शिक्का आहे आणि गोष्टीचा तुकडा शिक्क्यातच आहे. 2004 च्या ‘लव्ह’ तिकिटावर अक्षरं छापलेल्या हृदयाकृती गोळ्या आहेत, 37 सेंटचं. 2007 च्या ‘लव्ह’ तिकिटावर हर्शीची चंदेरी कागदातली ‘किस’, ती 1907 पासून बनते म्हणून. 2018 मध्ये उन्हाळी गारेगाराच्या कांड्यांची वासाची तिकिटंही आली. एक खबरदारी: अलीकडची अमेरिकन तिकिटं स्वतःच चिकटणारी असतात आणि त्यातली बरीचशी पाण्यात सुटत नाहीत. वापरलेली मिळाली तर भोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि तशीच लावा.

आता कोको. इथे जुनी, कोरीव छपाईची तिकिटं मिळतात आणि ती महागही नाहीत. नायजेरियाच्या 1936 च्या मालिकेत 1 पेनीच्या तिकिटावर कोको आहे. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, त्याच्या 1948 च्या मालिकेत 6 पेनीवर कोको पिकवणारा शेतकरी आणि 1 शिलिंगवर कोकोची फळं फोडण्याचं दृश्य आहे. भिंग घेऊन बघा. कोरीव छपाईत रंग सपाट पसरत नाही, बारीक बारीक रेघांतून उभा राहतो. गडद भागात रेघा दाट, उजेडाच्या भागात विरळ. असली छपाई मुलीनं एकदा भिंगाखाली पाहिली की आजकालची चकचकीत तिकिटं तिला आपोआप फिकी वाटायला लागतील. त्यासाठी तुम्हाला वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

पुढे जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि चॉकलेट बनतं दुसरीकडे, हे पानावर एका ओळीत लिहायला लावा. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून कोको होतो. मराठवाड्यात तो होणं शक्य नाही, त्याला सावली आणि दमट हवा लागते.

मराठवाड्यात होतो तो ऊस.

फिजीच्या 1938 च्या, ब्रिटनच्या राजाचं चित्र असलेल्या मालिकेत 5 पेनीच्या तिकिटावर ऊस आहे. दिसायला साधं तिकीट, कॅटलॉगमध्येही त्याबद्दल चार शब्दांपलीकडे काही नसतं. पण तो ऊस कुणी तोडला ते बघा. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर भारतीय माणसं करारावर फिजीला नेली गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. करार म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, त्याचं बोलीत झालं गिरमिट, आणि ही माणसं झाली गिरमिटिया. मॉरिशसला हे 1834 पासूनच सुरू झालं होतं, आणि तिकडे गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतो. मॉरिशस, फिजी, जमैका, बार्बाडोस, क्यूबा या सगळ्यांच्या जुन्या तिकिटांवर ऊस, चरक, बैलगाड्या, साखर कारखाने सापडतात. जमैकाच्या 1938 च्या मालिकेत साखर उद्योगाचंच एक तिकीट आहे.

बीड जिल्ह्यातल्या मुलीला हे पान कसं लिहायचं ते सांगायला लागत नाही. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे गाड्या भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. वर्गातली काही बाकं उन्हाळ्यापर्यंत रिकामी राहतात. तुम्ही शिक्षक आहात, हजेरीपटावर हे दरवर्षी पाहता. फिजीच्या तिकिटाशेजारी मुलीनं चार ओळी यावर लिहिल्या तर त्या पानाला जी धार येईल ती पुण्या-मुंबईच्या कुठल्याही महागड्या संग्रहाला येणार नाही. विषयाचं ज्ञान म्हणून परीक्षक जे शोधतात ते हेच. फक्त वर्गातल्या कुणाचं नाव त्यात नको.

भारताचं काय, तर आपली बाजू साखरेची आणि मिठाईची. 3 नोव्हेंबर 2017 ला टपाल खात्यानं भारतीय खाद्यपदार्थांची 24 तिकिटं काढली. त्यात मोदक आहे, मोतीचूर लाडू, पेठा, संदेश, मालपुवा, पोहे-जिलेबी आहे. इथे एक निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. संग्रहाचं नाव ‘चॉकलेट आणि गोळ्या’ असेल तर यातला पेठाच आत येतो, कारण तो कोहळा साखरेत मुरवून टिकाऊ केलेला असतो, गोळी-कँडीच्याच कुळातला. मोदक येत नाही, कितीही आवडता असला तरी. नाव ‘साखर’ ठेवलं तर सगळेच येतात. मुलांना सगळंच हवं असतं, पण शीर्षक आणि पानं यांचा मेळ बसला नाही की संग्रह भाजीबाजारासारखा दिसतो. माझं मत विचाराल तर ‘साखरेपासून वडीपर्यंत’ असं काहीतरी ठेवा. रेवड्या, बत्तासे, पाडव्याच्या गाठी, संक्रांतीचा हलवा यांनाही मग मजकुरात जागा मिळते. जत्रेत, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत म्हणा, रेवड्यांचे ढीग पाहिलेल्या मुलीला कँडी म्हणजे परदेशातली गोष्ट वाटत नाही.

माणसांच्या तिकिटांमध्ये दोन महत्त्वाची. 2004 चं वालचंद हिराचंद यांचं. जहाज, विमान, मोटार यांसाठी त्यांचं नाव घेतात, पण मालेगाव तालुक्यात रावळगावला 1933 मध्ये साखर आणि पुढे 1942 मध्ये गोळ्या बनवायला सुरुवात झाली तीही त्यांच्याच उद्योगात. आपल्या पिढीनं एस.टी. स्टँडवर पाच-दहा पैशांना घेतलेली रावळगावची गोळी ती हीच. त्या गोळ्यांची नाममुद्रा आणि कृती 2024 मध्ये रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटींना घेतली. तिकिटावर गोळी नाही, वालचंदांचा चेहरा आहे. तरी हे तिकीट या संग्रहात हक्कानं बसतं, फक्त खाली दोन ओळींत नातं सांगितलेलं हवं. दुसरं 2002 चं विठ्ठलराव विखे पाटील यांचं. प्रवरेला, लोणीला, सहकारी साखर कारखाना उभा करणारे. मराठवाड्यात पुढे जे कारखाने उभे राहिले त्यांचं मूळ पान तिथे आहे.

तिकिटांपलीकडे थोडं पाहा. तुमच्या भागातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या कार्यालयात जुन्या फायली असतात. त्यांतल्या लिफाफ्यांवर फ्रँकिंग मशीनचा, म्हणजे तिकिटाऐवजी टपालखर्च छापणाऱ्या यंत्राचा, लाल ठसा असतो, काहींवर कारखान्याचं नाव, काहींवर उसाबद्दल घोषवाक्य. हे पाकीट विकत मिळत नाही, मागावं लागतं, आणि आलेल्या पत्रांच्या पाकिटाला कुणी फारसं ‘नाही’ म्हणत नाही. ठसा पाकिटातून कापून काढू नका, अख्खं पाकीट ठेवा. फोटो छापून मिळणारी ‘माय स्टॅम्प’ची शीट, तीनशे रुपयांत बारा तिकिटं मिळतात ती, चॉकलेटचा फोटो देऊन करून घेता येते. घरात मजा म्हणून करा. प्रदर्शनात तिला वजन नाही, कारण विषय टपाल खात्यानं निवडलेला नसतो, आपणच निवडलेला असतो. जत्रेतल्या बबलगमसोबत येणारी चिकटचित्रं किंवा युरोपात चॉकलेट कंपन्या वाटायच्या ती कार्डं, ही टपालाची वस्तू नाहीत. शेवटच्या पानावर एखाददुसरं लावलं तर चालेल.

जाता जाता एक सांगतो, विषयाबाहेरचं आहे. तुमच्या भागात जुन्या वाड्यांतल्या संदुकांमध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानची तिकिटं अजून निघतात. आपला मुलूख 1948 पर्यंत त्या राज्यात होता आणि संस्थानची तिकिटं 1869 पासून होती. 1931 च्या मालिकेत 8 आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आहे. परभणी, जालना, बीडचे शिक्के असलेली पाकिटं त्यात सापडली तर मुलगी ती चकचकीत चॉकलेटच्या शीटशी अदलाबदल करायला तयार होईल, आणि समोरचा विक्रेता ती आनंदानं करून देईल. तसं होऊ देऊ नका. संस्थानची पाकिटं वेगळी ठेवा, त्यांचा दिवस नंतर येईल.

पानं लावायची तर सोळा पानांपुरतं ठरवा. प्रदर्शनातली एक चौकट सोळा पानांची असते आणि ‘वन फ्रेम’ नावाचा स्वतंत्र वर्गही असतो. आंतरराष्ट्रीय नियमांत विषयवार संग्रहाला शंभरपैकी 35 गुण मांडणी आणि विषयाच्या उलगड्याला आहेत, 30 ज्ञानाला, 30 तिकिटांच्या स्थिती आणि दुर्मीळतेला, आणि सजावटीला फक्त 5. म्हणजे चकाकी, रंगीत पेन, चॉकलेटच्या कागदाच्या झालरी यांना पाच गुणांतच बसायचंय. मुलांच्या पानांवर नेमकं याच्या उलटं असतं. पहिल्या पानावर आराखडा लिहायचा, पुढे कोकोला तीन-चार पानं, उसाला पाच-सहा, कारखाने आणि माणसांना दोन-तीन, उरलेली वासाच्या आणि सणांच्या तिकिटांना. उसाला जास्त पानं देण्यावर मी ठाम आहे, वर कारण सांगितलंच.

मुलगी सातवीत आहे, तर दीनदयाळ स्पर्श योजनेचीही माहिती घ्या. टपाल खात्यानं 2017 मध्ये सुरू केलेली ही शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला सहा हजार रुपये. मागच्या परीक्षेत 60 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्क्यांची सूट. आधी लेखी प्रश्नमंजुषा, त्यात निवड झाली की तिकिटांवरचा एक छोटा प्रकल्प. शाळेत फिलाटेली क्लब, म्हणजे तिकीट संग्राहकांचं मंडळ, असावा लागतो, नसेल तर मुलीच्या नावानं फिलाटेली डिपॉझिट खातं चालतं, म्हणजे आगाऊ पैसे भरून टपाल खात्याकडून नवी तिकिटं मिळवायचं खातं. ते दोनशे रुपयांत उघडतं. शाळेत तुम्हीच शिक्षक आहात म्हटल्यावर क्लब काढायला कुणाची वाट बघू नका. एकट्या मुलीचं काम होईल आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही अर्ज करता येतील. बीडच्या मुख्य टपाल कार्यालयात अर्जाची तारीख विचारून ठेवा. ती दरवर्षी वेगळी असते आणि जाहिरात फारशी होत नाही. छत्रपती संभाजीनगरला येणं झालं तर जुन्या बाजारातल्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन या, नवी भारतीय तिकिटं तिथे छापील किमतीलाच मिळतात.

खरेदीचा क्रम मी असा लावीन: आधी नायजेरिया आणि गोल्ड कोस्टची वापरलेली तिकिटं आणि फिजीचं 5 पेनीचं, कारण ती कमी पैशांत येतात. मग वालचंद आणि विखे पाटील, मग 2017 च्या संचातली हवी तेवढी. स्वित्झर्लंड आणि बेल्जियमची कोरी तिकिटं त्यानंतर. विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, मागच्या बाजूचा आधी. मागच्या बाजूला जुन्या हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा, डाग किंवा बोटाचा ठसा दिसला तर कोऱ्या तिकिटाचे पैसे देऊ नका. ऑनलाइन शंभर तिकिटांचं पाकीट पुन्हा मागवायचं नाही.